स्विंगला मार्क देणारं ॲप, बॅटरचं कोपर आणि मधले ३३ मिलिसेकंद

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून माझ्या मावसबहिणीचा व्हॉट्सॲप आला. दोन व्हिडिओ, एक स्क्रीनशॉट आणि खाली एवढंच: "तू सॉफ्टवेअरवाला ना, हे बघ जरा. पोरगं आठ दिवस जेवताना पण कोपर वर धरून बसतंय."

पोरगं म्हणजे माझा भाचा. वय १३, बेसबॉलचं वेड. स्क्रीनशॉट एका मोबाईल ॲपचा होता. फोनने स्विंगचा व्हिडिओ काढायचा, ॲप त्यावर हाता-पायांच्या रेषा काढतं आणि १०० पैकी मार्क देतं. याला मिळाले होते ६१. खाली लाल अक्षरांत दोन शेरे: "मागचं कोपर खाली आहे" आणि "हात उशिरा येतात". त्याने कोपर वर घेतलं, हात लवकर सोडायला लागला. स्कोअर ६१ वरून ७४ झाला आणि मॅचमध्ये बॉल लागायचा बंद झाला. त्यात पुढच्या महिन्यात टीमची निवड चाचणी.

मी पुण्यात बसून कोड लिहितो, बेसबॉलचा कोच नाही. पण व्हिडिओमधून माणसाच्या हालचाली ओळखणारं सॉफ्टवेअर मी कामासाठी वापरलंय. त्यामुळे "हे ॲप नक्की काय बघतंय?" या प्रश्नाचं उत्तर मला शोधता येण्यासारखं होतं. शोधताना कळलं की हा एका ॲपपुरता विषय नाही. गेल्या दोन वर्षांत अमेरिकन बेसबॉलमध्ये बॅटरच्या हातांचा आणि वेळेचा डेटा हा मोठाच विषय झालाय. आणि आपल्याकडचे पण बरेच जण आता क्रिकेटचा नाहीतर जिमचा व्हिडिओ अशाच ॲपला दाखवतात. तर चला, नीट समजून घेऊया.

आधी बातमी: आता बॅट पण मोजली जाते

अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल स्पर्धा म्हणजे मेजर लीग. २०१५ पासून तिच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची मोजमाप यंत्रणा आहे. २०२० मध्ये तिच्यात हॉक-आय कॅमेरे आले. होय, तेच हॉक-आय, जे आपण एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूमध्ये बघतो. एका मैदानात असे १२ कॅमेरे असतात, आणि त्यातले काही सेकंदाला ३०० फ्रेम टिपतात.

आधी मोजायचे ते बॉल. पिच किती वेगाने आला, किती वळला, बॅटला लागून किती वेगाने गेला. मे २०२४ मध्ये लीगने बॅटचा डेटा पण सगळ्यांसाठी खुला केला: बॅटचा वेग किती, आणि बॅटचं टोक बॉलपर्यंत किती लांबून आलं. वर्षभराने, मे २०२५ मध्ये, त्यात बॅटच्या मार्गाचे कोन आले. बॉलला भेटताना बॅट वर चाललीय की खाली, डावीकडे तोंड करून आहे की उजवीकडे, आणि बॉल शरीराच्या किती पुढे लागला. हा सगळा डेटा बेसबॉल सव्हंट या वेबसाईटवर फुकट बघता येतो.

आकडे भारी आहेत. मेजर लीगच्या बॅटरचा सरासरी बॅट-वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास येतो. ताशी १२० च्या पुढे गेला की लीग त्याला "वेगवान स्विंग" म्हणते. न्यूयॉर्क यांकीजचा जियानकार्लो स्टँटन ताशी १३० च्या घरात फिरवतो.

आता आकडा एकदा स्क्रीनवर आला की सगळ्यांना तो हवा असतो. रील्समध्ये बॅट-वेग, अकादमीच्या जाहिरातीत बॅट-वेग, आणि मग "तुमच्या फोनवर प्रो लेव्हल विश्लेषण" म्हणणारी ॲप्स. भाच्याचं ॲप त्यातलंच एक.

४०० मिलिसेकंदांचा हिशोब

हात कुठे असावेत हे कळायला आधी वेळ किती असतो ते बघू.

पिचर उभा राहतो ती पट्टी होम प्लेटपासून १८.४४ मीटरवर. पण तो पुढे झेपावून बॉल सोडतो, म्हणजे बॉलला कापायचं अंतर १७ मीटरच्या आसपास. ताशी १५३ किलोमीटरच्या पिचला तेवढं अंतर कापायला साधारण ४०० मिलिसेकंद लागतात. सेकंदाच्या अर्ध्याहून कमी.

त्यातले जवळपास १५० मिलिसेकंद बॅट फिरवण्यातच जातात. उरले २५०. एवढ्यात बॉल बघायचा, कसला पिच आहे ते ओळखायचं आणि फिरवायचं की सोडायचं ते ठरवायचं.

आता गंमत बघा. पिचर मुद्दाम हळू पिच पण टाकतो, आणि टाकताना हात तेवढ्याच जोरात फिरवतो. ताशी १३० चा असा पिच प्लेटवर ७० ते ८० मिलिसेकंद उशिरा पोचतो. बॅटर फसला, की त्याची बॅट बॉल यायच्या आधीच फिरून मोकळी.

चूक किती चालते? माझा ढोबळ हिशोब असा. बॉलला भेटायच्या क्षणी बॅट मिलिसेकंदाला साधारण दोन अंश फिरत असते. मैदानाचा खेळता भाग ९० अंशांचा, पाचरीसारखा. बॅटचं तोंड थोडं वळलं की बॉल त्याच्या जवळपास दुप्पट वळून जातो. म्हणजे बॅटला खऱ्या अर्थाने ४५ अंशांचीच मोकळीक. दोन्ही बाजू धरून २० मिलिसेकंदांच्या आसपास: दहा लवकर, दहा उशीर. त्यापलीकडे, समजा बॉल लागलाच, तरी तो फाऊल जातो.

दहा मिलिसेकंदांत तो बॉल साधारण ४० सेंटिमीटर पुढे सरकतो. होम प्लेटची लांबी जवळपास तेवढीच, १७ इंच. एका प्लेटएवढा फरक, आणि फटका फाऊल.

भाच्याच्या वयात पिच हळू असतो आणि अंतर पण कमी. त्याला अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो. पण बॅट आणि बॉल भेटायची खिडकी त्याच्यासाठी पण अशीच, मिलिसेकंदांतली.

मग हात कुठे असावेत?

इथेच ॲपचा आणि खेळाचा रस्ता वेगळा होतो. "कोपर कुठे असावं?" हा प्रश्नच अर्धा आहे. पुढे "कधी?" लावल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

उजव्या हाताने खेळणारा बॅटर धरा. पिचरच्या बाजूला त्याचा डावा हात, तो पुढचा. उजवा तो मागचा. स्विंग साधारण असा उलगडतो.

पहिला टप्पा, तयारी. पिचर हात उचलतो तेव्हा बॅटर वजन मागच्या पायावर घेतो आणि दोन्ही हात मागच्या खांद्याजवळ नेतो. इथे मागचं कोपर वर असलं काय, खाली असलं काय, मोठमोठे खेळाडू दोन्ही प्रकारे उभे राहतात. ती ज्याची त्याची सवय.

दुसरा टप्पा, पुढचा पाय टेकतो. शरीर पुढे निघालंय, पण हात अजून मागेच आहेत. सगळ्या स्विंगमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली जागा हीच. पाय गेला आणि हात थांबले, तर हळू पिच ओळखायला अजून थोडा वेळ मिळतो. पायाबरोबर हात पण गेले तर परतीचं तिकीट नाही. मागे थांबलेले हात म्हणजे बॅटरने शिल्लक ठेवलेला वेळ.

तिसरा टप्पा, कंबर फिरते, मग छाती, मग हात, शेवटी बॅट. शेतात गोफण फिरवताना बघितली असेल तर हे लगेच कळेल. दगडाला वेग दोरीच्या शेवटी मिळतो, सुरुवात मात्र खांद्यापासून. इथे बॅटरचं मागचं कोपर खाली येऊन बरगडीजवळ जातं. हात शरीराला चिकटून राहिले की फिरायला सोपे जातात. लांब सोडले की तेच वजन जड लागतं. स्केटिंग करणारे हात जवळ घेतले की भोवऱ्यासारखे फिरतात, त्याच नियमाने.

चौथा टप्पा, बॉलशी भेट. बरेच जण समजतात की इथे दोन्ही हात सरळ ताणलेले असतात. नाही. मागचं कोपर अजून वाकलेलंच असतं. हात पूर्ण सरळ होतात ते बॉल गेल्यावर.

म्हणजे एकच कोपर पहिल्या टप्प्यात वर चालतं, तिसऱ्या टप्प्यात खालीच यायला हवं, चौथ्यात वाकलेलं हवं आणि त्यानंतर सरळ. "मागचं कोपर खाली आहे" हा शेरा बरोबर की चूक, हे तो कोणत्या मिलिसेकंदाला दिलाय त्यावर ठरतं.

दुसरा शेरा, "हात उशिरा येतात". तेरा वर्षांच्या पोराने याचा अर्थ काय घ्यावा? त्याने हात लवकर सोडले. लवकर सोडलेले हात शरीरापासून दूर जातात, नदीत गळ टाकल्यासारखे. बॅटचं टोक मोठा वळसा घेऊन येतं. वळसा मोठा म्हणजे वेळ जास्त, वेळ जास्त म्हणजे निर्णय आधी घ्यावा लागणार. शेरा वाचून त्याने नेमका आपला शिल्लक वेळच खर्चून टाकला होता.

अराएझ आणि स्टँटन

मेजर लीगच्या खुल्या डेटातच याचं उत्तम उदाहरण सापडतं.

लुईस अराएझ. व्हेनेझुएलाचा, डावखुरा बॅटर. बॅट-वेगाच्या यादीत हा अगदी तळाशी, ताशी साधारण १०० किलोमीटर. वेगाला मार्क देणारं ॲप याला नापास करेल. पण याने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं, तीन वेगवेगळ्या संघांकडून खेळताना, आपल्या लीगमधली सर्वोत्तम बॅटिंग सरासरी काढली. २०२४ च्या पूर्ण सीझनमध्ये तो फक्त २९ वेळा स्ट्राईकआऊट झाला. असे कितीतरी बॅटर असतात जे एका महिन्यात तेवढे होतात.

कसं? त्याचा स्विंग लीगमधल्या सगळ्यात आखूड स्विंगपैकी एक. सरासरी बॅटरच्या बॅटचं टोक बॉलपर्यंत यायला साधारण सव्वादोन मीटर प्रवास करतं, अराएझचं १.८ मीटरच्या आसपास. हात जवळ, वळसा छोटा. तो उशिरापर्यंत बॉल बघू शकतो.

दुसऱ्या टोकाला स्टँटन. लांब आणि प्रचंड वेगवान. तो जास्त वेळा चुकतो, पण लागला की बॉल मैदानाबाहेर. २०२४ च्या प्लेऑफमध्ये त्याने सात होम रन मारले. वेग निरुपयोगी आहे असं म्हणणारा माणूस त्या सात पिचरांसमोर उभा राहू शकणार नाही. अराएझला होम रन फार मिळत नाहीत, आणि त्याच्या खेळाची किंमत किती यावर तिकडे कायम वाद चालू असतो.

मुद्दा एवढाच की दोघांचे हात वेगळा सौदा करतात. एक वेग विकून वेळ घेतो, दुसरा वेळ विकून वेग. दोघांनाही एकाच १०० मार्कांच्या पट्टीवर बसवलं तर त्या मार्काला काय अर्थ उरतो?

फोनला काय दिसतं आणि काय नाही

आता माझा विषय.

तुमच्या फोनचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो. म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांची फट. बॅटरची पूर्ण खिडकी २० मिलिसेकंदांची. बॅट बॉलला भेटते तो क्षण त्या फटीतून सहज निसटतो. मेजर लीगच्या वेगाने फिरणारी बॅट तेवढ्या वेळात एक मीटरपेक्षा जास्त जाते. भाच्याची बॅट ताशी ८० ची धरली तरी पाऊण मीटर.

हॉक-आयच्या ३०० फ्रेमवाल्या कॅमेऱ्यात ही फट ३.३ मिलिसेकंदांची असते, आणि एकाच क्षणाला अनेक बाजूंनी बघणारे कॅमेरे असतात. त्यामुळे खोली पण मोजता येते. फोन एकच, एका बाजूने.

त्यात आणखी चार भानगडी आहेत.

पहिली, उजेड. संध्याकाळी किंवा हॉलमध्ये फोन प्रत्येक फ्रेमसाठी शटर जास्त वेळ उघडा ठेवतो. सेकंदाचा साठावा भाग जरी उघडं राहिलं, तरी मेजर लीगची बॅट तेवढ्यात अर्धा मीटर सरकते. व्हिडिओत बॅटच्या जागी नुसता पंखा दिसतो. कमी उजेडात काही फोन गुपचूप फ्रेमची संख्या पण कमी करतात.

दुसरी, फोनचा सेन्सर सगळं चित्र एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यात काही मिलिसेकंदांचा फरक. म्हणूनच फोटोत पंख्याची पाती वाकडी दिसतात. बॅट पण तशीच वाकते.

तिसरी, हाडांचा तो सांगाडा. अशी ॲप्स माणसाची ठेवण ओळखणारं मॉडेल वापरतात. गुगलचं मीडियापाईप हे त्यातलं प्रसिद्ध, ते शरीरावर ३३ बिंदू ठेवतं. चांगलं काम करतं, मी वापरलंय. पण ते अंदाज करतं. स्विंगमध्ये मागचं कोपर छातीआड किंवा दुसऱ्या हाताआड गेलं, तरी ते बिंदू ठेवतंच, "इथे असावं" म्हणून. स्क्रीनवर ठळक हिरवी रेघ दिसते, आणि आपल्याला वाटतं मोजलंय. आणि हे ३३ बिंदू शरीराचे आहेत. त्यात बॅट नाही. ती ओळखायला वेगळं मॉडेल लागतं, नाहीतर मनगटावरून बॅटचा वेग ताडावा लागतो.

चौथी सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. बिंदू फ्रेमगणिक थरथरतात. ते चांगलं दिसत नाही, म्हणून आम्ही इंजिनिअर लोक त्यावर एक फिल्टर लावतो. फिल्टर मागच्या-पुढच्या फ्रेमची सरासरी काढल्यासारखं करून हालचाल गुळगुळीत करतो. चालणाऱ्या माणसासाठी उत्तम. पण स्विंगमध्ये सगळ्यात वेगाचा क्षण एखाद-दुसऱ्या फ्रेमपुरताच असतो. फिल्टर नेमका तोच क्षण चपटा करतो आणि थोडा मागे ढकलतो. म्हणजे "हात उशिरा येतात" हा शेरा हातांबद्दल असू शकतो, आणि फिल्टरबद्दल पण असू शकतो.

मी ताईला सांगून भाच्याचा एक स्विंग २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मागवला. त्यातल्या दर आठव्या फ्रेमवरून ३० फ्रेमचा व्हिडिओ बनवला. मग सुरुवात एक-एक फ्रेमने सरकवून असे आठ व्हिडिओ केले. मूळ स्विंग एकच. आठही मॉडेलला दिले आणि बॉलला भेटतानाच्या सगळ्यात जवळच्या फ्रेममध्ये मागच्या कोपराचा कोन बघितला. एकात तो ९५ अंशांच्या आसपास, दुसऱ्यात १३० च्या पुढे. पोरगं तेच, स्विंग तोच, फक्त कॅमेऱ्याने डोळा कधी उघडला ते वेगळं.

याच आकड्यावर तो आठ दिवस कोपर वर धरून बसला होता.

हात बदलायचे की बॅट?

इथे २०२५ ची एक गाजलेली बातमी आठवते. २९ मार्चला यांकीजने मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध एका मॅचमध्ये नऊ होम रन मारले. पहिल्या तीन बॉलवर तीन. त्यांच्या काही खेळाडूंच्या बॅट विचित्र दिसत होत्या, टोकाला निमुळत्या आणि मध्ये जाड. टॉरपीडो बॅट असं नाव पडलं. ही कल्पना ॲरन लीनहार्ट या एमआयटीत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञाची, जो आधी यांकीजकडे काम करायचा. विचार सरळ होता: खेळाडूचा बॉल बॅटवर जिथे लागतो, लाकडाचं वजन तिथे आणा. स्विंग तसाच राहू दे.

त्या दिवशी तीन होम रन मारणारा ॲरन जज मात्र साधीच बॅट वापरत होता. त्यामुळे टॉरपीडो म्हणजे जादू वगैरे काही नाही. पण त्यामागची पद्धत मला आवडली. तिथे आधी भरपूर मोजलं, एकेका खेळाडूचं वेगळं मोजलं, आणि मग अवजार बदललं. भाच्याच्या ॲपने एका व्हिडिओवरून अवयव बदलायला सांगितला.

आणि हा व्हिडिओ जातो कुठे?

मेजर लीगच्या खेळाडूंची संघटना आहे. अंगावर लावायच्या मोजमाप यंत्रांबद्दल त्यांनी २०१६ च्या करारात लिहून घेतलं की ती वापरणं ऐच्छिक राहील आणि तो डेटा पगाराच्या वाटाघाटीत वापरायचा नाही. कोट्यधीश खेळाडूंना हे मागावंसं वाटलं, यातच बरंच आलं.

तेरा वर्षांच्या पोराची संघटना नाही. अमेरिकेतला मुलांच्या ऑनलाईन माहितीचा केंद्रीय कायदा १३ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, भाचा त्यातून नुकताच बाहेर पडलाय. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो. पण आपण अटी न वाचता "मान्य आहे" दाबतो तेव्हा कायदा काय करणार? मी ताईला दोनच गोष्टी तपासायला सांगितल्या: व्हिडिओ फोनवरच तपासला जातो की सर्व्हरवर चढतो, आणि खातं बंद केल्यावर तो पुसला जातो का. पहिल्याचं उत्तर मिळालं, सर्व्हरवर. दुसऱ्याचं तिला त्या अटींमध्ये सापडलं नाही.

मग फोन वापरायचाच नाही का?

वापरायचा की! फोनचा स्लो मोशन हे फुकटात मिळालेलं जबरदस्त साधन आहे. फक्त त्याला झेपेल तेच काम द्यायचं. मी भाच्याला लिहून पाठवलं ते असं. क्रिकेटचा पूल शॉट, बॅडमिंटनचा स्मॅश, कशालाही चालेल.

१. व्हिडिओ २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्येच काढ, भर उन्हात. दोन फ्रेममधली फट ४.२ मिलिसेकंद होते, हॉक-आयच्या बरीच जवळ.

२. फोन हातात धरू नको. ट्रायपॉड, नाहीतर दप्तर. रोज तीच जागा, तीच उंची.

३. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फ्रेम हरवू शकतात.

४. कोन मोजत बसू नको, फ्रेम मोज. पुढचा पाय टेकतो ती फ्रेम आणि बॉल लागतो ती फ्रेम. मधल्या किती? २४० च्या व्हिडिओत ३६ फ्रेम म्हणजे १५० मिलिसेकंद.

५. वेगवान पिच आणि हळू पिच, दोन्हींवर मोज. हळू पिचवर पाय टेकल्यावर हात थांबतात का, ते बघ.

६. तुलना स्वतःच्या मागच्या आठवड्याशी कर. स्टँटनशी नको. आणि काही बदलायचं असेल तर आधी कोचला विचार. तो तुला रोज समोरून बघतो.

बॅटच्या मुठीला लावायचे सेन्सर पण मिळतात. ते बॅटचीच हालचाल सेकंदाला शेकडो वेळा मोजतात, त्यामुळे वेग आणि वेळेसाठी फोनपेक्षा बरे. पण कोपर त्यांनाही दिसत नाही.

भाच्याचं पुढे काय झालं

त्याने आधी वाद घातला. "मामा, पण ॲपमध्ये एआय आहे." मी म्हटलं, अरे, मी पण तेच बनवतो, म्हणूनच सांगतोय.

दोन आठवडे त्याने फ्रेम मोजल्या. कोपराचं काही निघालंच नाही. निघालं ते असं: हळू पिचवर त्याचा पाय टेकतो त्याच फ्रेमला हात पण निघालेले असतात. थांबतच नाहीत. त्याच्या कोचने हेच सीझनच्या सुरुवातीला सांगितलं होतं म्हणे, "हात मागे ठेव". पण त्याला मार्क नव्हते ना, म्हणून ते लक्षात राहिलं नाही.

निवड चाचणी झाली. चार वेळा बॅटिंग, दोनदा बॉल लागला, एकदा हळू पिचवर हवेत फिरवली, एकदा पिचरनेच चार बॉल बाहेर टाकले. टीमची यादी अजून लागलेली नाही. ताई म्हणाली, निदान जेवताना कोपर खाली आलंय.

ते ॲप त्याने काढून टाकलेलं नाही. उघडतो अधूनमधून. परवाचा स्कोअर ५८ आला, ६१ पेक्षा कमी. स्क्रीनशॉट मला पाठवला, खाली हसणारा चेहरा, आणि त्याखाली त्याच स्विंगचा २४० फ्रेमचा व्हिडिओ. हळू पिच होता. पाय टेकल्यावर हात पाच फ्रेम थांबले होते. मी दोनदा मोजले.